उत्खननाची परवानगी नेमकी कशासाठी द्यायची?

ऐतिहासिक स्थळी जमिनीखाली काय दडले आहे, याचा शोध घेण्यासाठी परवानगी मागणाऱ्याला बहुतेक देशांत ठरावीक प्रश्न विचारले जातात. जागा कोणाची, अर्जदार कोण, त्याची शैक्षणिक पात्रता काय, काम किती दिवस चालणार, खड्डा किती मोठा असणार, सापडलेल्या वस्तूंवर मालकी कोणाची राहणार. यांतला एकही प्रश्न अनावश्यक नाही. परंतु ज्या प्रश्नावर साऱ्या खटाटोपाचे सार्थक अवलंबून असते, तो पुष्कळदा शेवटच्या पानावर एखाद्या अटीच्या रूपाने उरकला जातो. जे सापडेल त्याची नोंद, जतन आणि प्रकाशन कोण करणार, किती काळात करणार आणि त्यासाठी पैसा कोठून येणार, हा तो प्रश्न होय. माझ्या मते तो अर्जाच्या पहिल्याच पानावर असायला हवा. त्याचे समाधानकारक उत्तर अर्जदाराजवळ असेल, तर तो विद्यापीठातला आहे की हौशी, या भेदाला आज आहे तितके वजन राहू नये. आणि उत्तर नसेल, तर अर्जदार कितीही मोठ्या नावाचा असला तरी त्याला जमिनीला हात लावू देऊ नये.

मुळात परवानगी हवीच कशाला, असे विचारणारे लोक कमी नाहीत. वस्तू शेकडो वर्षे मातीत पडून आहे, कोणाच्या उपयोगाची नाही, मग ती बाहेर काढणाऱ्याने इतिहासाची सेवाच केली, असा त्यांचा युक्तिवाद असतो. या युक्तिवादात एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती म्हणजे वस्तू म्हणजेच पुरावा. प्रत्यक्षात वस्तू हा पुराव्याचा एक भाग असतो. ती कोणत्या थरात होती, कशाच्या शेजारी होती, पालथी होती की उताणी, तिच्यावरची माती तिच्याच काळातली होती की नंतर खणून भरलेली, हा उरलेला भाग असतो आणि तो एकदाच वाचता येतो. प्रयोगशाळेतला प्रयोग फसला तर पुन्हा करता येतो. खणलेला थर पुन्हा खणता येत नाही.

इंग्लंडमधील सॉमरसेट परगण्यात फ्रोमजवळ २०१० साली मिळालेला नाणेसाठा याचे फार बोलके उदाहरण आहे. मेटल डिटेक्टर घेऊन शेतात फिरणाऱ्या एका हौशी संशोधकाला मातीत काही रोमन नाणी आणि पाठोपाठ एका मोठ्या मडक्याचा भाग दिसला. मडके नाण्यांनी भरलेले आहे हे लक्षात येताच त्याने खणणे थांबवले, खड्डा बुजवला आणि पुरातत्त्वज्ञांना कळवले. त्यांनी मडके जागेवरच ठेवून आतली नाणी थराथराने काढली आणि प्रत्येक थर वेगळा ठेवला. नाणी निघाली ५२,५०३. त्यांतली सर्वांत उशिराची नाणी कॅरॉशियस या बंडखोर सम्राटाची, म्हणजे इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या अखेरची होती. एखाद्या कुटुंबाने वर्षानुवर्षे बचत टाकत हे मडके भरले असते, तर ही नाणी सर्वांत वर मिळायला हवी होती. ती मिळाली मडक्याच्या निम्म्याहून खालच्या भागात. म्हणजे साठा हळूहळू वाढलेला नव्हता. तो एकाच वेळी ओतलेला होता. तो संकटकाळी पुरलेली पुंजी होता की देवतेला केलेले अर्पण, ही चर्चा त्या थरांमुळेच शक्य झाली. त्या माणसाने उत्साहाच्या भरात मडके फोडून नाणी पोत्यात भरली असती, तरी नाणी ५२,५०३ च राहिली असती आणि संग्रहालयात ती तितकीच चकाकली असती. ही चर्चा मात्र कधीच सुरू झाली नसती.

जर्मनीतील नेब्रा येथील कांस्य तबकडीच्या वाट्याला याच्या नेमके उलट आले. सूर्य किंवा पूर्णचंद्र, चंद्रकोर आणि तारे सोन्यात जडवलेली ही तबकडी १९९९ साली दोघांनी विनापरवाना खणून काढली आणि लगेच विकून टाकली. खणताना तिला हत्याराचे घावही बसले. २००२ साली स्वित्झर्लंडमधील बाझल शहरात पोलिसांनी सापळा रचून ती परत मिळवली, शोधणाऱ्यांना शिक्षा झाली आणि मातीचे नमुने जुळवून मूळ जागा निश्चित करण्याचा प्रयत्न झाला. बहुतेक तज्ज्ञ तिला इसवी सनापूर्वी सुमारे १६०० च्या आसपासची मानतात. तरीही २०२० साली काही पुरातत्त्वज्ञांनी ती बरीच नंतरची, लोहयुगातली असल्याचा दावा केला आणि त्यावर मोठा वाद झडला. तो दावा इतरांनी खोडून काढला आहे. पण असा वाद उभा राहण्यासाठी जी फट लागते, ती त्या चोरट्या खड्ड्याने ठेवलेली होती.

परवानगीच्या बाबतीत सर्वांत मोठा गोंधळ होतो तो जमीनमालकाची संमती आणि शासनाचा परवाना या दोन गोष्टी एकच समजल्यामुळे. आयर्लंडमधील डेरिनाफ्लन येथे १९८० साली एका बापलेकांना प्राचीन मठाच्या आवारात मेटल डिटेक्टरच्या साहाय्याने आठव्या-नवव्या शतकातील एक देखणे चषकपात्र व इतर पूजासाहित्य मिळाले. त्या आवारात लोकांनी यावे-जावे याला जमीनमालकांची हरकत नव्हती. परंतु येण्याजाण्याची मोकळीक म्हणजे खणण्याची मुभा नव्हे, शिवाय ते राष्ट्रीय स्मारक म्हणून संरक्षित होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९८७ साली न्यायालयाने वस्तू राज्याच्या असल्याचा निर्वाळा दिला. त्याच वर्षी आयर्लंडने कायदा बदलून परवान्याशिवाय पुरावशेष शोधण्यासाठी असे यंत्र वापरण्यावरच बंदी घातली. मला या निकालातला मालकीचा भाग फारसा महत्त्वाचा वाटत नाही. महत्त्वाचे आहे ते त्यामागचे तत्त्व: जमीन एखाद्याच्या नावावर असली, तरी तिच्याखालचा भूतकाळ त्याच्या सातबाऱ्यावर चढलेला नसतो. मालकाची संमती आवश्यक आहे, पण ती पुरेशी नाही. आणि शासनाचा परवानाही मालकाला डावलून द्यायचा नसतो.

कायदे मात्र मालकी आणि किंमत यांच्याभोवतीच फिरत राहिले आहेत. भारतातला निखात निधी अधिनियम, म्हणजे जमिनीत दडलेल्या धनाविषयीचा कायदा, १८७८ सालचा आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीचा निधी सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे, असे तो सांगतो. हा निधी सरकारला स्वतःकडे ठेवायचा असेल, तर त्यातील द्रव्याची किंमत आणि वर तिचा एक-पंचमांश इतकी रक्कम द्यावी, अशी त्यात तरतूद आहे. द्रव्याची किंमत म्हणजे सोन्याची, चांदीची, तांब्याची. ताम्रपटावर काय कोरले आहे, याला त्या हिशेबात स्थान नाही. इंग्लंडमधला निधीविषयीचा १९९६ चा कायदाही दीर्घकाळ मौल्यवान धातूच्या प्रमाणावर अडून होता. म्हणूनच २०१० साली क्रॉस्बी गॅरेट येथे मिळालेले, मुखवट्यासारखे घडवलेले रोमन घोडेस्वाराचे शिरस्त्राण कायद्याच्या व्याख्येत ‘निधी’ ठरले नाही. ते तांब्याच्या मिश्रधातूचे होते आणि एकटे होते. लिलावात ते सुमारे २३ लाख पौंडांना गेले आणि स्थानिक संग्रहालयाला हात चोळत बसावे लागले. २०२३ साली व्याख्या विस्तारून अपवादात्मक ऐतिहासिक महत्त्वाच्या वस्तू तीत आणण्यात आल्या, याला तेरा वर्षे लागली.

आता हौशी शोधकांची बाजू. तिच्यात तथ्य आहे आणि ते नाकारून चालणार नाही. अर्ज करावा तर उत्तर येत नाही, आले तर नकाराचे कारण दिलेले नसते, आणि ज्यांना परवाने मिळतात त्यांच्या उत्खननाचे अहवाल अनेक वर्षे बाहेर पडत नाहीत, अशी त्यांची तक्रार असते. अहवाल न लिहिलेले उत्खनन आणि चोरट्याचा खड्डा यांत हेतूचा फरक मोठा आहे. वाचकाच्या हाती पडणाऱ्या ज्ञानाच्या दृष्टीने तो फारसा नाही. एकाने वस्तू बाजारात हरवली, दुसऱ्याने गोदामात. ज्या यंत्रणेकडे प्रामाणिक माणसाला उभे राहण्यासाठी खिडकीच नाही, ती यंत्रणा अप्रामाणिक माणसाला अडवू शकत नाही, कारण तो त्या खिडकीकडे फिरकतच नाही.

शिवाय हौशी माणसांच्या हातांना कौशल्य असते, हेही सिद्ध झालेले आहे. अमेरिकेतील लिटल बिगहॉर्नच्या रणभूमीवर १८७६ साली अमेरिकी लष्करातील जनरल कस्टरच्या तुकडीचा लाकोटा, शायेन या मूलनिवासी जमातींनी आणि त्यांच्या मित्रजमातींनी पराभव केला. १९८३ साली तेथील गवताला आग लागून जमीन उघडी पडली, तेव्हा राष्ट्रीय उद्यान सेवेच्या परवानगीने आणि पुरातत्त्वज्ञांच्या देखरेखीखाली पुढील दोन वर्षे स्वयंसेवकांनी मेटल डिटेक्टर घेऊन रांगेने ती जमीन पालथी घातली. जिथे यंत्र वाजेल तिथे खूण रोवायची, वस्तूची जागा, खोली आणि दिशा टिपायची, मगच ती उचलायची, अशी शिस्त होती. काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्यांवर उमटलेले बंदुकीच्या फायरिंग पिनचे ठसे तपासून कोणती बंदूक रणांगणावर कोठून कोठे गेली, याचा माग काढता आला. शेवटच्या माणसापर्यंत शिस्तीत लढलेल्या तुकडीची जी दंतकथा शतकभर रंगवली गेली होती, तिला त्यातून तडे गेले आणि लढाईत उतरलेल्या मूलनिवासींच्या ज्या कथनांकडे इतिहासकारांनी दुर्लक्ष केले होते, त्यांना बळ मिळाले. यंत्र तेच होते आणि चालवणारेही तेच, हौशी. फरक पडला तो खूण रोवण्याने आणि नोंदीने.

मग मेटल डिटेक्टर वापरायला इंग्लंडसारखी मोकळीक द्यावी की आयर्लंडसारखी बंदी घालावी? या दोन टोकांतून एकाची निवड करायला लावणारा प्रश्नच मला चुकीचा वाटतो, कारण तो सगळी जमीन सारखी धरतो. नांगराखाली असलेल्या शेताचा वरचा २० ते ३० सेंटिमीटरचा थर दरवर्षी उलथापालथ होणारा असतो. तिथली नाणी, अंगठ्या, बाणांची टोके आपापल्या मूळ जागेवरून आधीच हललेली असतात आणि अवजारांनी व खतांनी झिजत असतात. या थरातली वस्तू जागेची अचूक नोंद करून उचलणे हे बहुतेक वेळा तिला वाचवणेच ठरते. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९७ पासून चालू असलेल्या ऐच्छिक नोंदणी योजनेत १५ लाखांहून अधिक वस्तूंची नोंद झाली आहे. त्यांतल्या बहुतांश लागवडीखालच्या जमिनीतल्या आहेत आणि त्या नोंदींमुळे कागदोपत्री ठाऊक नसलेल्या कित्येक वस्त्यांचा ठावठिकाणा लागला आहे. तेव्हा अशा थरासाठी परवानगी सोपी, जवळपास नोंदणीसारखी असावी: मालकाची लेखी संमती, ठिकाणाच्या निर्देशांकांसह वस्तूंची यादी, आणि ती यादी ठरावीक मुदतीत सादर करण्याची हमी. नांगर पोचत नाही त्या थराची गोष्ट वेगळी. तिथे यंत्र वाजले की हात थांबले पाहिजेत. आणि जिथे नांगर कधी फिरलाच नाही, म्हणजे किल्ला, मठ, दफनभूमी, पांढरीची (जुन्या वस्तीच्या मातीची) टेकाडे, तिथे पहिल्या इंचापासूनच कठोर नियम हवेत. नोंदणीच्या बाबतीत उदार असलेल्या इंग्लंडमध्येही संरक्षित स्मारकाच्या जागी लेखी संमतीशिवाय मेटल डिटेक्टर वापरणे हा १९७९ च्या कायद्याने गुन्हा आहे, हे त्या देशाचे दाखले देणारे सोयीस्करपणे विसरतात.

यावर काही व्यावसायिक पुरातत्त्वज्ञ म्हणतील की, हे सारे शहाणपण हौशींना शिकवा, आम्हाला नको. इतिहास त्यांच्या बाजूने उभा राहत नाही. ग्रीक महाकवी होमरच्या काव्यातले ट्रॉय जिथे होते असे मानतात, त्या टेकाडावर हाइनरिश श्लीमान याने १८७० साली परवान्याशिवायच खणायला सुरुवात केली. पुढच्या वर्षी त्याला ऑटोमन शासनाचा परवाना मिळाला, त्यात सापडलेल्यापैकी अर्धा वाटा द्यायची अट होती. १८७३ साली सोन्याचा साठा हाती लागताच तो त्याने देशाबाहेर पळवला. श्लीमान मुळात व्यापारी होता, त्यामुळे तो आमच्यातला नव्हे असे या पुरातत्त्वज्ञांना म्हणता येईल. पण परवाना त्याला रीतसर मिळाला होता, आणि होमरने वर्णिलेल्या काळाच्या शोधात त्याने टेकाडाच्या मधोमध काढलेल्या प्रचंड चरात वरचे थर नाहीसे झाले. ज्या सोन्याला तो त्या काव्यातल्या ट्रॉयच्या राजा प्रायमचा खजिना म्हणत होता, ते त्या काळाच्या सुमारे हजार वर्षे आधीचे निघाले. चीनमधील मिंग सम्राट वानली याची डिंगलिंग ही समाधी तर १९५६ ते १९५८ या काळात शासनाच्याच मंजुरीने आणि तज्ज्ञांच्या हातून उघडली गेली. जतनाची पुरेशी तयारी नव्हती. तलम रेशमी वस्त्रे हवेशी संपर्क येताच खराब झाली आणि १९६६ साली सांस्कृतिक क्रांतीच्या धुमाळीत सम्राटाचे अवशेष जाळले गेले. चीनने त्यानंतर सम्राटांच्या समाध्या उघडण्याबाबत हात आखडता घेतला तो या अनुभवानेच.

भारतातही २०१३ साली उन्नाव जिल्ह्यातील डौंडिया खेडा येथे एका साधूला पडलेल्या सोन्याच्या स्वप्नाचा गाजावाजा होऊन भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने खणायला घेतले. भूगर्भ सर्वेक्षणाच्या चाचणीचा आधार असल्याचे अधिकृतरीत्या सांगितले गेले. सोने निघाले नाही. निघाले असते तरी माझे मत बदलले नसते. तिथे शोध खजिन्याचा होता. त्या जागेविषयी कोणता ऐतिहासिक प्रश्न विचारायचा आहे, हे जाहीर चर्चेत कोठेच नव्हते, आणि परवानगी देणारा व घेणारा एकच असल्याने तो प्रश्न विचारणारे तिसरे कोणी उरले नाही. राज्यसंस्थेने स्वतःलाही अर्ज करायला लावले पाहिजे, ही सूचना हास्यास्पद वाटेल, पण निदान स्वतंत्र तज्ज्ञांचा लेखी अभिप्राय घेणे अवघड नाही.

यातले काही नवे आहे असेही नाही. डिसेंबर १९५६ मध्ये नवी दिल्ली येथे भरलेल्या युनेस्कोच्या सर्वसाधारण परिषदेने पुरातत्त्वीय उत्खननांविषयी एक शिफारसपत्र मंजूर केले. उत्खननाला शासनाची पूर्वपरवानगी हवी, ती देताना अर्जदाराकडून वैज्ञानिक, नैतिक आणि आर्थिक हमी घ्यावी, निष्कर्ष वाजवी मुदतीत प्रकाशित व्हावेत, असे त्यात म्हटले आहे. त्यातली मला सर्वांत दूरदृष्टीची वाटणारी सूचना वेगळीच आहे: मोठ्या स्थळांवर काही भाग साक्षीदार म्हणून न खणता राखून ठेवावा, म्हणजे उद्याच्या अधिक प्रगत तंत्रांना त्याचा उपयोग होईल. त्या वर्षी रेडिओकार्बन कालमापन नुकतेच बाळसे धरत होते आणि मातीतून प्राचीन डीएनए मिळवणे कोणाच्या कल्पनेतही नव्हते. न खणलेला भाग हीसुद्धा उत्खननाचीच एक निष्पत्ती आहे, असे मानणारा परवाना मी अजून विरळाच पाहिला आहे. परवान्यावर क्षेत्रफळाची कमाल मर्यादा असते; राखून ठेवायच्या क्षेत्राची किमान मर्यादाही तितक्याच ठळकपणे लिहायला हवी.

आणखी एका गटाला या चर्चेत क्वचितच बोलावले जाते. ज्यांचे पूर्वज त्या मातीत आहेत, ज्यांची उपासना त्या जागी अजून चालू आहे, ते लोक म्हणजे हा गट. अमेरिकेच्या १९७९ च्या पुरातत्त्वीय संपदा संरक्षण कायद्यात एखाद्या जमातीच्या धार्मिक वा सांस्कृतिक महत्त्वाच्या स्थळाला बाधा पोचण्याचा संभव असल्यास परवाना देण्यापूर्वी त्या जमातीला सूचना देण्याची तरतूद आहे. सूचना देणे म्हणजे नकाराधिकार देणे नव्हे, आणि तो सरसकट द्यावा असे माझे म्हणणेही नाही. श्रद्धेच्या नावाखाली गैरसोयीचा इतिहास गाडून ठेवण्याचे प्रकारही घडू शकतात. मात्र या लोकांचे म्हणणे लेखी घेणे आणि त्यावर लेखी उत्तर देणे परवाना देणाऱ्यावर बंधनकारक असावे.

राहता राहिला माहिती उघड करण्याचा मुद्दा. पारदर्शकता हवी असे म्हणणे सोपे आहे. इंग्लंडमधील वॉनबरो येथील रोमन मंदिराची जागा न्यायालयीन कामकाजातून जाहीर झाली आणि १९८० च्या दशकाच्या मध्यावर रात्रीच्या अंधारात तिथे घुसणाऱ्यांनी हजारो नाणी उपसून नेली. १९९६ च्या कायद्यासाठी जो आग्रह धरला गेला, त्याच्या मुळाशी हे प्रकरण होते. तेव्हा परवान्यांची सार्वजनिक नोंदवही ठेवताना कोणाला, कोणत्या प्रश्नासाठी, किती मुदतीची परवानगी दिली, जतनाची जबाबदारी कोणत्या संस्थेने पत्करली, अहवाल कोणत्या तारखेला देय आहे आणि तो आला की नाही, हे सारे त्यात कोणालाही वाचता यावे, मात्र जागेचे अचूक निर्देशांक काम पूर्ण होऊन स्थळ सुरक्षित होईपर्यंत झाकलेले राहावेत. अहवाल थकलेला असताना त्याच व्यक्तीला वा संस्थेला पुढचा परवाना मिळू नये, मग ती संस्था सरकारी का असेना. अर्जावर तीन महिन्यांत निर्णय व्हावा, नकार असेल तर त्याची कारणे लिहून द्यावीत आणि त्याविरुद्ध दाद मागण्याची सोय असावी. यासाठी माणसे लागतील, पैसा लागेल, आणि तो परवान्याच्या शुल्कातून निघणार नाही. जो विभाग तेवढा खर्च उचलू शकत नसेल, त्याने नवी उत्खनने कमी मंजूर करावीत आणि आपल्या गोदामातल्या न उघडलेल्या पेट्यांच्या नोंदी आधी पूर्ण कराव्यात. त्या कामाला ना जमीनमालकाची संमती लागते, ना कुदळ.